मागे तंबोऱ्याला कोण बसलंय?

मैफलींच्या जुन्या फोटोंत गवयाच्या मागे, तंबोऱ्याच्या भोपळ्याआड अर्धा झाकलेला एक चेहरा असतो. फोटोखाली त्याचं नाव नसतं. तबलजीचं असतं, पेटीवाल्याचं असतं, याचं नाही. बऱ्याचदा तो चेहरा त्या गवयाच्या मुलाचा किंवा मुलीचा असतो.

हल्ली आईबाबांनी मुलांसोबत बसून गाणं शिकायचे वर्ग निघाले आहेत. त्याने नातं घट्ट होतं, असं जाहिरातीत लिहिलेलं असतं. होत असेल, माझी हरकत नाही. पण आपल्याकडच्या आईबापांनी मुलांना गाणं दिलं ते नात्यासाठी नव्हे, पोटासाठी. ती विद्या म्हणजे घरातलं शेत होतं. नातं त्या शेतात उगवलं, कधी पिकासारखं, कधी तणासारखं.

‘घराणं’ या शब्दातच घर आहे. उस्तादांच्या घरांत खास तालीम मुलाला, भावाला, पुतण्याला. बाहेरच्या शिष्याला शिकवायचे ते हात राखून. मुलीच्या लग्नात हुंडा म्हणून बंदिशी दिल्याच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात. म्हणजे बंदिशी जावयाच्या घरी जायच्या, पण त्या गायचा हक्क लेकीला नसायचा. उस्तादांच्या बहुतेक घरांत मुली गाणं ऐकत मोठ्या झाल्या, गात नाही.

जयपूर-अत्रौली घराण्याचे गवई अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या आश्रयाला कोल्हापुरात आले ते १८९५च्या सुमारास. बदरुद्दीन म्हणजे मंजीखाँ आणि शमसुद्दीन म्हणजे भूर्जीखाँ, हे त्यांचे दोन मुलगे त्यांच्याकडेच तयार झाले. मंजीखाँ बापाच्या गळ्यातली हुबेहूब नक्कल व्हायला तयार नव्हते. त्यांना ग्वाल्हेर घराण्याच्या रहिमतखाँसाहेबांच्या गाण्याची ओढ होती, आणि वडिलांना ते मानवत नव्हतं. मधली काही वर्षं तर मंजीखाँनी गाणंच बाजूला ठेवलं होतं. बाप-लेकांत वितुष्ट यायला जमिनीचा तुकडाच लागतो असं नाही, तानेचा वळसाही पुरतो. १९३७ साली मंजीखाँ गेले तेव्हा खाँसाहेब हयात होते. ते त्यानंतर नऊ वर्षांनी, १९४६ साली मुंबईत वारले. खाँसाहेबांनी उतारवयात आपली जीवनकथा तोंडी सांगितली, ती उतरवून घेतली भूर्जीखाँच्या मुलाने, अझीजुद्दीनखाँनी. नातवाला मिळालेली ही तालीमच म्हणायची, फक्त स्वरांऐवजी आठवणींची.

गोव्यात सगळं उलटं होतं. तिथल्या देवळांच्या सेवेतल्या कलावंत घरांत वंश आईकडून चालायचा, आणि विद्याही आईकडून मुलीकडे जायची. बापाचं नाव लावायचा प्रश्न नसायचा, आईचं गाणं मात्र लावायचं. आई स्वतः शिकवी, नाहीतर उस्ताद शोधून आणी आणि त्यांच्या पुढ्यात मुलीला बसवी. एकीकडे उस्तादांची घरं, जिथे लेकीला विद्या मिळत नाही. दुसरीकडे कलावंतिणींची घरं, जिथे लेकीनेच विद्या घ्यायची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही दोन घरं एका खोलीत येऊन बसली. आज ज्याला आपण जयपूर-अत्रौली गायकी म्हणून ऐकतो त्यातला मोठा भाग त्या खोलीत घडला.

मोगूबाई कुर्डीकरांचा जन्म १९०४चा, सांगे तालुक्यातल्या कुर्डी गावचा. आई जयश्रीबाईंनी मुलीच्या गळ्यातला सूर लहानपणीच ओळखला आणि तिला एका नाटक मंडळीत घातलं. मोगूबाई दहा वर्षांच्या झाल्या नाहीत तोच आई गेली. पोर मोठी गायिका व्हावी एवढीच तिची इच्छा मागे राहिली. मंडळीही पुढे सुटली आणि मोगूबाई सांगलीला आल्या. १९१९च्या सुमारास खाँसाहेब औषधोपचारासाठी सांगलीत राहात होते. येता-जाता त्यांच्या कानावर एका मुलीचा रियाज पडे. काही दिवस ऐकून एके दिवशी ते सरळ आत आले आणि म्हणाले, गा. समोर बसलेला म्हातारा कोण आहे हे त्या मुलीला ठाऊक नव्हतं. तिथून तालीम सुरू झाली. तीही सलग नव्हे. खाँसाहेब मुंबईला गेले, मागोमाग मोगूबाईही गेल्या. मध्ये आग्रा घराण्याच्या उस्तादांकडे शिकल्या, खाँसाहेबांचे बंधू हैदरखाँ यांच्याकडे शिकल्या, आणि १९३४ साली खाँसाहेबांचा गंडा, म्हणजे रीतसर शिष्यत्वाचा दोरा, बांधला. पहिल्या भेटीपासून गंड्यापर्यंत पंधरा वर्षं!

तोवर घरात मुलगी किशोरी, पुढच्या गायिका किशोरी आमोणकर, आली होती. ती जेमतेम शाळेच्या वयाची असताना वडील गेले. तीन मुलं, घरभाडं, आणि कमावणारा एकच गळा. मोगूबाईंनी मुलीला शिकवायला घेतलं ते या अवस्थेत. किशोरीताईंनी पुढे अनेकदा सांगितलंय की माई, म्हणजे मोगूबाई, एखादी ओळ दोनदा म्हणत, तिसऱ्यांदा नाही. स्वराचं वळण, शब्दाचा उच्चार, समेवर येण्याची जागा, जे उचलायचं ते त्या दोन खेपांत. वहीत लिहून घ्यायची सोय नव्हती. आजच्या कानांना हे कठोर वाटेल. मला त्यात कठोरपणापेक्षा काटकसर दिसते. एक बाई दिवसभर शिकवण्या करते, रात्री मैफली करते, तिच्याकडे तिसऱ्या खेपेपुरता श्वास उरत नसावा.

खरी शाळा मात्र आईच्या पाठीमागे होती. किशोरीताई मैफलींत माईंच्या मागे तंबोऱ्याला बसत. ज्याने कधी तंबोरा हातात घेतला नाही त्याला हे काम सोपं वाटतं. चार तारा: पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या, शेवटची खर्जाची. पहिली मधल्या बोटाने, उरलेल्या तिन्ही तर्जनीने. छेडायची म्हणजे ओढायची नाही, बोट तारेवरून नुसतं सरकू द्यायचं. घोडीवर तारेखाली सुताचा बारीक दोरा असतो. तो केसभर मागेपुढे केला की जवारी उघडते आणि तार एका सुराऐवजी सुरांचा झुपका बोलू लागते. गळ्याची लय कितीही वाढो, तंबोऱ्याने आपली चाल सोडायची नाही. दहा-बारा वर्षांच्या पोराला हे वाद्य डोक्याच्या वर जातं. पाय अवघडतात, हलायची सोय नाही, आणि समोर दिसते ती फक्त आईची पाठ. चेहरा नाही, हातवारेही अर्धेच. आई आता कुठे वळणार हे तिच्या खांद्यावरून आणि श्वासावरून ओळखायचं. तालमीच्या खोलीत जे सांगितलं जात नाही ते इथे कळतं.

तिथून आणखीही काही दिसलं. तिसऱ्या वर्गाचा प्रवास, कुणाच्या तरी घरी उतरायची वेळ, बिदागी देताना यजमानाचा ढिला हात. बाई गवयाला त्या काळी मिळणारी वागणूक मुलीने मागे बसून पाहिली. किशोरीताईंच्या फटकळपणाच्या, श्रोत्यांना सुनावण्याच्या आणि मैफलीच्या अटींबाबत तडजोड न करण्याच्या कहाण्या रसिक अजून चघळतात. मला वाटतं, तो स्वभाव तंबोऱ्यामागे घडला. आईने गिळलं ते लेकीने गिळायचं नाही असं ठरवलं.

आणि बंड आईविरुद्धही झालंच. माईंनी लेकीला दुसऱ्या गुरूंकडेही पाठवलं होतं, अंजनीबाई मालपेकर त्यांतल्या एक. पण १९६४ साली किशोरीताई ‘गीत गाया पत्थरों ने’ या सिनेमासाठी गायल्या ते माईंना रुचलं नाही. सिनेमात गाणार असशील तर माझ्या दोन तंबोऱ्यांना हात लावायचा नाही, अशा अर्थाचं माईंनी बजावल्याची आठवण किशोरीताईंनी स्वतः सांगितली आहे. घराबाहेर काढलं नाही, बोलणं टाकलं नाही. त्या घरात शिक्षा म्हणजे तंबोरा काढून घेणं. किशोरीताई सिनेमाकडून परतल्या. घराण्याची चौकट मात्र त्यांनी पुढे आपल्या पद्धतीने वाकवलीच. मंजीखाँची गोष्ट इथे आठवते, फरक इतकाच की या खेपेला आईला ते पाहायला भरपूर आयुष्य मिळालं. मोगूबाई २००१ साली गेल्या.

सगळ्याच आयांना लेक मागे बसायला हवी होती असं नाही. केसरबाई केरकर त्याच खाँसाहेबांच्या शिष्या, मुलूखही तोच, गोव्याचा. त्यांनी आपल्या मुलीला गाण्यात आणलं नाही, डॉक्टर केलं. ज्या बाईला या धंद्याची किंमत पै-पैने ठाऊक होती, तिने तो मुलीच्या गळ्यात घातला नाही. मोगूबाईंच्या गोष्टीइतकी ही गोष्ट सांगितली जात नाही, कारण तिच्यात मैफल नाही. मायेच्या हिशोबात ती उणी पडत नाही.

ताराबाई मान्यांचं आणखी वेगळं. १९२२ साली त्या आपले पती, किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीमखाँसाहेब, यांच्यापासून वेगळ्या झाल्या त्या पाच मुलांसह. मुलांची नावं बदलली, गाणं ठेवलं. हिराबाई बडोदेकर, सुरेशबाबू माने, सरस्वतीबाई राणे ही त्यांतली तिघं. बाप दुरावल्यावर या घरात विद्या आडवी वाहिली, भावाकडून बहिणीकडे. हिराबाई आणि सरस्वतीबाई या बहिणी पुढे मंचावर जुगलबंदी गायल्या.

दरम्यान पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं होतं. वर्ग, फी, लिपीबद्ध बंदिशी, परीक्षा. गाणं घरातून शाळेत आलं आणि मध्यमवर्गाच्या मुलामुलींना त्याचं दार उघडलं. फार मोठं काम. पण नियतीचा तिरकसपणा बघा: विष्णु दिगंबरांची बारा अपत्यं, त्यांतला एकच मुलगा जगला, आणि तो दहा वर्षांचा असताना, १९३१ साली बाप गेला. दत्तात्रेय पलुसकरांना बापाचं गाणं मिळालं ते बापाच्या शिष्यांकडून, विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यासांकडून. बापाने शाळा काढली नसती तर बापाचं गाणं मुलापर्यंत पोचलं नसतं.

दीनानाथ मंगेशकरांच्या घरातली गोष्ट लताबाईंच्या तोंडून बहुतेकांनी ऐकली असेल. शिष्य पूरिया धनाश्री घोकतोय, दीनानाथ बाहेर गेलेत, खेळता खेळता पाचेक वर्षांची पोर आत येऊन त्याची चूक दाखवते, आणि दारात बाप उभा. दुसऱ्या दिवशी पहाटे उठवून तंबोरा पुढ्यात. १९४२च्या एप्रिलात दीनानाथ गेले तेव्हा ती बारा वर्षांची होती, आणि त्याच वर्षी ‘पहिली मंगळागौर’मध्ये काम करत होती. पुन्हा पोट.

हा सगळा तंबोऱ्याचा मुलूख झाला. त्याबाहेर ज्याला तालीम असं नावही नाही असं शिकणं चालूच होतं. गोंधळात बाप संबळ वाजवतो आणि पोरगं तुणतुणं धरून ‘जी जी’ करतं. दिंडीत बापाच्या खांद्यावरचं मूल त्याच्या कपाळाशी टाळ वाजवतं. प्रल्हाद शिंदे आईवडिलांसोबत कीर्तन करत, बाजारात गात मोठे झाले. त्यांचे मुलगे आनंद आणि मिलिंद, नातू आदर्श, सगळे तोच पहाडी गळा घेऊन उभे राहिले. भीमगीतं, विठ्ठलगीतं, लोकगीतं. त्यांना घराणं म्हणायला समीक्षकांनी उशीर केला, पण घराणं ठरायला तीन पिढ्या लागतात, ही अट तर तिथे कधीच पुरी झाली होती.

आमच्यासारख्या घरांत यांपैकी काहीच नव्हतं. पेटी होती. बाबा कारकून. संध्याकाळी शर्ट बदलून बसायचे, डाव्या हाताने भाता, उजव्याने भूप. मी गाण्याच्या प्रवेशिका परीक्षेची तयारी करायचो आणि ते माझ्यापेक्षा अर्धं पाऊल मागे शिकायचे, कारण त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. क्लासातून मी अलंकार आणायचो, ते माझ्याकडून घ्यायचे. एक पट्टी फुटकी होती, काळी दोनच्या शेजारची. ती आली की दोघं एकदमच तोंडाने सूर भरायचो. परीक्षेला जाताना ते बाहेर चपलांपाशी बसून राहिले. इतर सगळ्यांचे वडीलही तिथेच होते. शाळेने गाणं आम्हाला दिलं आणि बापांना चपलांपाशी बसवलं, हे तेव्हा काही लक्षात आलं नव्हतं.

कुर्डी गाव आता साळावली धरणाच्या पाण्याखाली असतं. मे महिन्यात पाणी उतरलं की महिनाभर ते वर येतं. भेगाळलेली जमीन, सोमेश्वराचं देऊळ, घरांची जोती. माणसं वाट वाकडी करून जातात, आपलं घर कुठे होतं ते मुलांना दाखवतात. मोगूबाईंच्या घराची जागाही तिथे दाखवतात. किशोरीताईंच्या शेवटच्या वर्षांतल्या मैफलींचं चित्रण पाहिलं तर त्यांच्या मागे नात दिसते, तेजश्री आमोणकर. आजीच्या पाठीकडे डोळे, बोटं तारांवर.