पावसाळा, कागद आणि पस्तीस मिलिमीटरची फिल्म

मागच्या आषाढात नात्यातल्या एका घरी माळ्यावरच्या लाकडी पेटीतून दोन गठ्ठे खाली काढले. एक लाल फडक्यात बांधलेली हातकागदाची पोथी, दीडशेहून अधिक वर्षांची. दुसरा १९३०च्या सुमाराच्या मराठी वर्तमानपत्रांचा बांधीव खंड. पोथीच्या कडा कसरीने खाल्ल्या होत्या, पण पान हातात घेतलं तर कापडासारखं मऊ वाकत होतं. वर्तमानपत्राचं पान उलटायला गेलो आणि कोपरा भाजलेल्या पापडासारखा मोडून हातात आला.

वयाने थोरली पोथी धडधाकट आणि धाकटं वर्तमानपत्र शेवटच्या घटका मोजतंय, हे उलटं वाटतं खरं. पण कागदाची घडण पाहिली की उलगडा होतो. कागद म्हणजे सेल्युलोजच्या लांबच लांब माळा. जुना हातकागद चिंध्यांतून, तागातून बने. त्याच्या माळा लांब आणि चिवट. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला. त्याच्या माळा मुळातच आखूड, त्यात लिग्निन (लाकडाला ताठपणा देणारं द्रव्य), आणि शाई पसरू नये म्हणून घातलेली राळ व तुरटी. दमट हवेत या तुरटीतून आम्ल तयार होतं आणि ते माळेतला एकेक दुवा तोडत जातं. तुटण्याच्या या क्रियेला पाणी लागतं, आणि पाण्याची गोव्याच्या हवेत वाण नाही. पावसाळ्यात इथली आर्द्रता महिनोन्महिने ८० टक्क्यांच्या वर असते. बुरशीला ६५-७० टक्केही पुरतात. डांबरगोळ्यांनी कसर दूर राहील, आम्ल नाही.

पोर्तुगीज दप्तरांचं दुखणं वेगळं. तो कागद चांगला, पण शाई हिराकस आणि मायफळाची. तिच्यात आम्लही आहे आणि लोहही, आणि दोन्ही मिळून कागद पोखरतात. पणजीच्या पुराभिलेखागारात लिस्बनशी झालेल्या पत्रव्यवहाराचे ‘मोन्सून’ खंड आहेत; पावसाळी वाऱ्यांच्या हिशेबाने येणाऱ्या-जाणाऱ्या गलबतांवरून त्यांना ते नाव पडलं. अशा शाईने लिहिलेल्या कागदाला शेवटी अक्षराच्या जागी अक्षराच्याच आकाराचं भोक पडतं.

मग वाचवायचं कसं? आपल्याकडचं जुनं उत्तर म्हणजे नक्कल. इंग्रज जेझुइट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांचं मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यातल्या राशोलला छापलं गेलं, पुढे १६४९ आणि १६५४मध्येही. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ओव्या आपल्यापर्यंत आल्या त्या लोकांनी हाताने उतरवून घेतलेल्या प्रतींतून. मायक्रोफिल्म, म्हणजे पानांची फिल्मवर घेतलेली बारीक छायाचित्रं, हेही तसंच उतरवून घेणं, फक्त प्रकाशाने.

पुस्तक पाळण्यासारख्या चौकटीत ठेवतात, वर काच अलगद टेकवतात आणि डोक्यावरचा कॅमेरा एकेक पान टिपत जातो. वर्तमानपत्रांसाठी ३५ मिलिमीटरची फिल्म वापरतात. तिच्यावर जिलेटिनच्या थरात चांदीचे क्षार असतात. प्रकाश पडेल तिथे, रसायनातून धुतल्यावर, शुद्ध चांदीचे काळे कण उरतात. तीस मीटरच्या एका रिळात सहाशेच्या आसपास चौकटी मावतात. पहिलं रीळ कायम कुलपात राहतं, दुसऱ्यावरून प्रती काढतात आणि वाचकाच्या हाती तिसरं जातं.

खरी कसोटी धुण्याची. न वापरलेले क्षार काढायला हायपो नावाचं रसायन वापरतात, आणि तो हायपो नीट धुतला गेला नाही तर पुढे चांदीलाच डाग पाडतो, प्रतिमा फिकी करतो. म्हणून धुतलेल्या फिल्मचा तुकडा मिथिलीन ब्लू चाचणीने तपासतात. पॉलिएस्टरच्या पट्टीवरची, नीट धुतलेली फिल्म थंड आणि कोरड्या जागी ५०० वर्षं टिकेल असा हिशेब आहे. जुन्या ॲसिटेट फिल्मचं तसं नाही. ती दमट जागी स्वतःच आम्ल सोडू लागते. डबी उघडताच व्हिनेगरचा भपकारा येतो आणि ते आम्ल शेजारच्या रिळांनाही बाधतं. शिवाय जिलेटिन म्हणजे बुरशीला पक्वान्नच.

१९५०च्या दशकात लिस्बनच्या फिल्मोतेकाने (वसाहतींच्या दप्तरांच्या मायक्रोफिल्म जमवणाऱ्या संस्थेने) गोव्यातल्या दप्तरांच्या मायक्रोफिल्म काढून नेल्या. इथली वर्तमानपत्रं, पुस्तिका, वार्षिक अंक यांच्यासाठी ते काम आता आपणच करायला हवं, आणि मला वाटतं ते विद्यापीठाने अंगावर घ्यावं. गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांचा संग्रह आहे. ताळगावच्या त्याच पठारावर रसायनशास्त्र शिकवतात, मराठी आणि पोर्तुगीजही. हायपोची चाचणी एका वर्गात होईल, आणि कुठला अंक गहाळ आहे, कुठलं पान उलटं बांधलंय हे दुसऱ्या वर्गातली मुलं सांगतील.

स्कॅन करून संगणकात ठेवलं की झालं, असं अनेक जण म्हणतात. स्कॅन हवंच, शोधायला, घरबसल्या वाचायला त्याला तोड नाही. पण दर काही वर्षांनी ती फाइल नव्या यंत्रावर, नव्या स्वरूपात हलवत राहावी लागते. मध्ये एकदा निधी आटला की खंड पडला. फिल्म वाचायला भिंग आणि उजेड पुरतो, आणि तिच्यावरून पुन्हा केव्हाही स्कॅन काढता येतं. एक मात्र कळकळीने सांगतो: फिल्म झाली म्हणून मूळ कागद रद्दीत घालू नये. काळ्यापांढऱ्या चौकटीत शाईचा रंग येत नाही, जलचिन्ह येत नाही, समासात कुणी पेन्सिलीने केलेली पुसट खूणही निसटते.

थंड कोठीतून रीळ बाहेर काढलं की लगेच उघडायचं नाही, हे गोव्यात तर विशेष पाळावं लागतं. फ्रिजमधल्या बाटलीसारखं डबीवर दव धरतं. झाकण काढलं तर तेच पाणी फिल्मवर. डबी बंदच ठेवायची, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची. ज्याला रीळ वाचायचंय त्याने आदल्या संध्याकाळीच मागणी नोंदवायची.