लंडन ते पॅरिस : अंतर साडेतीनशे किलोमीटर, वेळ सव्वा तास

25 ऑगस्ट 1919 रोजी लंडनच्या पश्चिमेकडील हाउन्स्लो हीथ येथून एक छोटे विमान एकाच प्रवाशाला घेऊन निघाले आणि सुमारे अडीच तासांनी पॅरिसजवळच्या ल बुर्जे येथे उतरले. या दोन शहरांमधील रोजच्या नियमित हवाई सेवेचा तो पहिला दिवस होता. आजची जेट विमाने त्या विमानाच्या चौपट वेगाने उडू शकतात, तरीही लंडनचा हीथ्रो ते पॅरिसचा शार्ल द गॉल या विमानतळांमधील प्रवासाला वेळापत्रकात साधारण सव्वा तास किंवा थोडा अधिकच वेळ दिलेला असतो. वेग चौपट झाला, पण वेळ जेमतेम निम्म्यावर आला, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

या दोन विमानतळांमधील सरळ अंतर सुमारे 348 किलोमीटर आहे. ते पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून मोजले जाते. मात्र इतक्या कमी अंतरात गोलाईचा परिणाम नगण्य असतो. जमिनीच्या पोटातून अगदी सरळ बोगदा खणला, तरी अवघे 43 मीटर वाचतील. ताशी 850 किलोमीटर वेगाने हे अंतर 25 मिनिटांत कापले जायला हवे, पण तो वेग विमानाला या मार्गावर फार काळ मिळतच नाही.

उतरताना विमान साधारण तीन अंशांच्या उतारावरून खाली येते. या हिशोबाने दहा किलोमीटर उंचीवरून जमिनीवर यायला जवळजवळ 190 किलोमीटर लागतात, आणि चढतानाही बरेच अंतर खर्ची पडते. साहजिकच लंडनहून निघालेले विमान तेवढी उंची गाठण्याच्या फंदात पडत नाही; ते बरेच खालून जाते आणि इंग्लिश खाडी ओलांडते न ओलांडते तोच त्याच्या उतरण्याची तयारी सुरू होते. शिवाय सुमारे तीन किलोमीटरच्या खाली सर्वसाधारणपणे ताशी 460 किलोमीटरची वेगमर्यादा असते, कारण तेथे विमानांची दाटी असते. परिणामी प्रवासाचा मोठा हिस्सा मंद गतीनेच पार पडतो.

वेळापत्रकातील वेळ तर उड्डाणाची नसतेच. विमान आपल्या जागेवरून हलते तेव्हापासून ते दुसऱ्या विमानतळावरील जागेवर थांबेपर्यंतचा सगळा काळ त्यात धरलेला असतो. हीथ्रोला केवळ दोन धावपट्ट्या असल्याने निघणाऱ्या विमानांना रांगेत थांबावे लागते, तर शार्ल द गॉल इतका विस्तीर्ण आहे की उतरल्यानंतरही विमानाला बराच वेळ जमिनीवरून चालत राहावे लागते. परतीच्या प्रवासात हीथ्रोभोवती ठरलेल्या चार ठिकाणी, उदाहरणार्थ बिगिन हिलच्या आकाशात, विमानांना एकावर एक थर करून घिरट्या घालत ठेवले जाते. अंतर अचूक सांगता येते, वेळ मात्र अंदाजाने सांगावी लागते, ती याचमुळे.

तिकिटावरची घड्याळे आणखी गोंधळात टाकतात. पॅरिसची वेळ लंडनच्या एक तास पुढे असल्याने जाताना प्रवास सव्वादोन तासांचा भासतो आणि येताना जेमतेम पंधरा-वीस मिनिटांचा.

खाडीखालच्या बोगद्यातून जाणारी युरोस्टार रेल्वे यापेक्षा कितीतरी लांबचा, सुमारे 490 किलोमीटरचा मार्ग घेते, तरी सर्वात जलद गाडी सव्वादोन तासांत सेंट पँक्रसहून गार द्यु नॉरला पोहोचते. ही दोन्ही स्थानके शहरातच आहेत. विमानाच्या सव्वा तासात शहर ते विमानतळ हे दोन्हीकडचे अंतर मुळीच धरलेले नाही.