मासळीचे जेवण (कोकण, मुंबई व गोवा)

मासळीचे जेवण : कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावरील समाजांत घरी, तसेच खानावळ, लंच होम यांसारख्या साध्या भोजनगृहांत समुद्रातील व खाडीतील मासळीभोवती रचलेले भाताचे जेवण. कालवण (मालवणी मुलखात सार किंवा कढी, गोव्यात हुमण) आणि भात हा त्याचा गाभा. तळलेली तुकडी, तिसऱ्यांचे वा कोलंबीचे सुके, तांदळाची भाकरी व सोलकढी ही जोड असते. ती नसली तरी जेवण अडत नाही. कोळी, भंडारी, गाबीत, आगरी, मराठा, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू, पाठारे प्रभू, गौड सारस्वत, कोकणी मुसलमान, ईस्ट इंडियन (मुंबई व उत्तर कोकणातील मूळचे ख्रिस्ती) व गोमंतकीय ख्रिस्ती या सर्वांत ते रूढ आहे. मात्र वाटप (नारळाचे वाटण), मसाला आणि आंबटाची निवड समाजागणिक बदलते.

दक्षिण-पश्चिम भारतातील मत्स्यपाकाची सविस्तर लिखित नोंद म्हणून सामान्यतः कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास (सु. ११३०) या संस्कृत ग्रंथाकडे बोट दाखवले जाते. त्यातील मत्स्यविनोद प्रकरणात माशांचे प्रकार, त्यांची आमिषे व गळाने मासे धरण्याची रीत येते, तर अन्नभोगात मासे शिजवण्याचे प्रकार येतात. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास मत्स्यविनोदातील नावांची आजच्या जातींशी सांगड घालण्याचा प्रयत्न केला. त्यांतील बऱ्याच ओळखी तर्काधारित आहेत. शिवाय हा राजदरबारचा पाक आहे आणि राजधानी किनाऱ्यापासून दूर आहे; त्यावरून बाराव्या शतकातील कोकणी घरच्या चुलीविषयी अनुमान काढणे धाडसाचे ठरते. चिंचेच्या कोळात मासे शिजवण्याची रीत तेव्हा परिचित होती, एवढे मात्र त्यावरून म्हणता येते.

मिरचीचे आगमन हा या जेवणाच्या इतिहासातील ठळक टप्पा. अमेरिका खंडातील हे फळ पोर्तुगीजांमार्फत, बहुधा सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात, गोव्यात पोहोचले असे मानले जाते (गोवे बेट पोर्तुगीजांनी १५१० मध्ये जिंकले). त्यापूर्वी तिखटपणासाठी मिरी होती याविषयी दुमत नाही. वाद आहे तो तिरफळाविषयी. बांगडा, तारली, पेडवे यांसारख्या तेलकट माशांच्या सारात घातले जाणारे हे फळ (झँथोझायलम ऱ्हेट्सा) मिरचीपूर्व तिखटाचा अवशेष आहे, असे काही जण मांडतात. तिरफळाच्या सालीतील सॅन्शूल वर्गातील संयुगे जिभेला झिणझिण्या आणतात, हे खरे. पण ती मिरचीची आग नव्हे. काळे बी काढून टाकून केवळ साल, तीही किंचित ठेचून, सार उतरवण्याच्या बेतात घालायची आणि जेवताना बाजूला काढायची, ही रीत पाहता तिरफळ तिखटापेक्षा वासासाठी योजले जाते, हे मत अधिक पटण्याजोगे आहे. पापलेट वा कोलंबीच्या कालवणात सुगरणी ते सहसा घालत नाहीत, हेही याच मताला धरून आहे.

किनाऱ्यावरील मत्स्यपाकाची प्रादेशिक विभागणी मसाल्यांवरून करण्याचा प्रघात असला, तरी आंबटावरून ती अधिक नेमकी होते. दक्षिण कोकणात कोकमाचे (गार्सिनिया इंडिका) आमसूल (वाळवलेली साल) किंवा आगळ (खारवलेला रस), उत्तर कोकणातील कोळी, आगरी व ईस्ट इंडियन घरांत मुख्यतः चिंच, गोव्यातील हिंदू घरांत सोले (आमसुले), बिंबले व आंबाडे, तर ख्रिस्ती घरांत चिंच आणि माडाच्या सुरेपासून केलेला व्हिनेगर. रेशाद मसाला भरलेला बांगडा व्हिनेगरावाचून होत नाही. चैत्र-वैशाखात कैरी या सर्वांची जागा काही काळ घेते. टोमॅटो उशिरा आला. जुन्या वळणाच्या स्वयंपाकात तो अजूनही उपराच मानला जातो.

या आंबटामागे केवळ रुची नाही. सागरी माशांच्या स्नायूंत ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड हे संयुग असते. खाऱ्या पाण्यात शरीरातील क्षारांचा तोल राखण्यास ते मदत करते. मासा मेल्यावर जिवाणू त्याचे ट्रायमिथिलअमाइनमध्ये रूपांतर करतात आणि मासळीचा ओळखीचा उग्र वास येतो. हे द्रव्य आम्लारिधर्मी असल्याने आम्लाशी त्याचा क्षार बनतो. तो बाष्पनशील नसतो, म्हणून वास दबतो. गोड्या पाण्यातील बहुतेक माशांत मूळ संयुग अत्यल्प असते. मोरी किंवा मुशी (लहान शार्क) या माशांत त्याच्या जोडीला यूरियाही भरपूर असतो. शिळेपणात त्यापासून अमोनिया सुटतो. गोव्यात शार्कसाठी ‘आंबट-तिक’ हा नावापासूनच आंबट असलेला प्रकार रूढ झाला, त्याचे कारण येथे शोधता येते. अर्थात आंबटाने वास दबतो, शिळेपणा जात नाही. ही गोष्ट बांगडा, सुरमई, कुपा (ट्यूना) यांच्या बाबतीत महत्त्वाची आहे. त्यांच्या मांसातील हिस्टिडीन या अमिनो अम्लापासून, मासा बर्फाविना राहिल्यास, जिवाणू हिस्टामीन तयार करतात, आणि ते शिजवून वा तळून नष्ट होत नाही. ‘बांगडा खाऊन अंगावर पित्त उठले’ ही तक्रार अनेकदा माशाच्या वावड्याची नसून या हिस्टामीनची असते. पित्तावर आमसुलाचे पाणी पिणे किंवा अंगाला लावणे हा घरगुती उपाय सर्वत्र आढळतो. सोलकढी जेवणाच्या शेवटी का येते, याचे स्पष्टीकरणही काही लेखक त्याच उपायात शोधतात. तथापि आगळ आणि नारळाचे दूध दोन्ही घरचेच असलेल्या प्रदेशात त्यांच्या मिश्रणास वैद्यकीय कारण शोधण्याची फारशी गरज दिसत नाही. गोव्यातील फुटी कढी तर नारळाच्या दुधावाचूनच होते.

तळणीचा इतिहास त्यामानाने आखूड असावा. घरी तुकड्यांना हळद, मीठ, तिखट व आगळ चोळून तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर थोड्या तेलात परततात. रव्याचे जाड कवच भोजनगृहांत सार्वत्रिक झाले आहे. गहू हे कोकणचे पीक नसल्याने तांदळाचे पीठ आधीचे आणि रवा नंतरचा, असे मानण्यास जागा आहे. बोंबील (हार्पडॉन नेहेरियस) हा अपवाद : त्याच्या मांसात पाणी इतके असते की तळण्यापूर्वी तो चिरून, काटा काढून, पाट्या-वरवंट्यासारख्या वजनाखाली दाबून ठेवावा लागतो. असा ‘दाबलेला’ बोंबील रव्यात कुरकुरीत होतो.

घरच्या मासळीचा आठवडा ठरलेला असतो. बुधवार, शुक्रवार व रविवार हे खाण्याचे वार. सोमवार, गुरुवार, शनिवार बहुतेक हिंदू घरांत वर्ज्य. श्रावण पाळणारी घरे आषाढ अमावास्येला, म्हणजे बोलीतल्या ‘गटारी’ला, मनसोक्त खाऊन घेतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून होड्या पुन्हा लोटण्याची प्रथा प्रजननकाळातील विश्रांतीशी जुळते. सध्या पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीस १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस बंदी असते. महाराष्ट्रात पूर्वी या तारखा नारळी पौर्णिमेशी किंवा १५ ऑगस्टशी जोडलेल्या असत. या काळाची बेगमी म्हणजे सुके बोंबील, जवळा, सोडे, खारवलेला बांगडा. बोंबील वलांड्यांवर (बांबूच्या मांडवांवर) टांगून वाळवतात. सोड्यांची खिचडी हा कायस्थ प्रभूंचा, तर सुक्या झिंग्यांची किसमूर हा गोव्याचा विशेष. चिंबोरी अमावास्येच्या सुमारास भरलेली असते, असा समज किनाऱ्यावर सर्वत्र आहे. तिचे मांस कमी-अधिक असणे प्रत्यक्षात कात टाकण्याच्या अवस्थेवर अवलंबून असते.

मासळीच्या खानावळींचा उगम विवाद्य आहे. एका मतानुसार त्या गिरणगावातून आल्या. मुंबईत पहिली कापड गिरणी १८५६ मध्ये चालू झाली आणि पुढे कामगारांचा मोठा भाग त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यातून (सिंधुदुर्ग त्यातून १ मे १९८१ रोजी वेगळा झाला) आला. एकटे पुरुष गाळ्यांत दाटीने राहत आणि शेजारच्या खानावळवाल्या बाईकडे महिन्याच्या बोलीवर जेवत. या बायकांची संघटना म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. सावकारी पाशातून सुटण्यासाठी बँकांचे कर्ज मिळवून देणे हे त्याचे आरंभीचे काम. दुसरे मत गोमंतकीय व सारस्वत मालकांच्या भोजनगृहांना, तिसरे फोर्ट भागातील मंगळुरी लंच होमांना अग्रक्रम देते. धोबीतलावजवळच्या गोवेकर ख्रिस्ती खलाशांच्या ‘कूड’ या निवासांचाही कधी उल्लेख होतो, पण ती मुळात राहण्याची जागा. हे एकाच झाडाचे फाटे समजण्याऐवजी स्वतंत्र प्रवाह मानणे योग्य वाटते. महिनेवारी खानावळीचे गिऱ्हाईक बांधलेले असे आणि ताटात बाजारात स्वस्त असेल ती मासळी पडे. लंच होमचे गिऱ्हाईक कचेरीतले, रोखीचे आणि निवड करणारे. १८ जानेवारी १९८२ पासूनच्या संपानंतर गिरण्यांबरोबर पहिला प्रवाह आटला, दुसरे दोन वाढले. लोणी-लसणातला खेकडा ही आज मुंबईची खूण मानली जाणारी चीज मंगळुरी भोजनगृहांनी लोकप्रिय केली. तिचा कोकणी घराशी संबंध नाही.

‘मालवणी’ हे पाककृतीचे लेबल म्हणून रूढ होणे हा बहुधा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला, आणि मालवणपेक्षा मुंबईत घडलेला प्रकार आहे. त्याआधी पाककृती जातीच्या किंवा घराच्या नावाने ओळखली जाई. ताटात मासळीची एक तुकडी तळलेली, एक वाटी कढी, एक सुके, भाकऱ्या किंवा वडे, भात, सोलकढी असा साचा असलेली थाळी त्याच लेबलाबरोबर स्थिरावली. थाळीचे नाव आणि दर तळलेल्या माशावरून ठरतात. बाकी वाट्या त्याच असतात. घरात उलट असते : कढी मुख्य, तुकडी असली तर असली. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली. त्यानंतर तारकर्ली, मालवण, वेंगुर्ले येथे घरेच खानावळी झाली, आणि थाळीचा मुंबईकर साचा गावी परतला.

या साच्याचा भार पापलेट व सुरमई या दोन माशांवर पडतो. घरी खाल्ले जाणारे मांदेली, तारली, मुडदुशे, काटेरी करली, लेपे, खाडीतले शेवटे थाळीच्या फलकावर क्वचितच दिसतात. रुपेरी पापलेट २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा घोषित झाला. सातपाटीचे (पालघर जिल्हा) मच्छीमार त्याची घट आणि लहान पिल्लांची मासेमारी याविषयी बऱ्याच काळापासून बोलत होते. त्याचे शास्त्रीय नाव पॅम्पस अर्जेंटियस असे दिले जाते. अलीकडील जनुकीय अभ्यासांनंतर भारतीय किनाऱ्यावरील मासा पॅम्पस कँडिडस ही वेगळी जाती मानण्याकडे कल आहे, आणि तेच मत अधिक ग्राह्य दिसते. काळी मासळी ती हलवा किंवा सरंगा. तिचा पापलेटच्या पॅम्पस प्रजातीशी संबंध नाही, ती कॅरँजिडी कुळातली. बाजारात तिला ‘काळे पापलेट’ म्हणतात, म्हणून येथे नोंद.

देशावर ही मासळी बर्फातून जाते. पुण्याचा गणेश पेठेतील बाजार त्यासाठी परिचित आहे. आखाती देशांत सुरमई स्थानिक पाण्यातच मिळते, त्यामुळे तेथील मराठी घरांत कढी फारशी बदलत नाही. अमेरिकेत गोठवलेल्या माशांवर भागवावे लागते, आणि बोंबील मुख्यतः सुकाच मिळतो.