जागा बरोबर, तारीख चुकली

बोलिव्हियातल्या सालार दे उयुनीचे फोटो तुम्ही नक्की बघितले असणार, खाली आभाळ, वर आभाळ आणि मधे कोणीतरी उडी मारतंय. मग एखादा हौसेनं जुलैत सुट्टी काढून तिथं पोचतो आणि बघतो तर काय, नजर जाईल तिथवर नुसतं कोरडं पांढरं मीठ. आरसा कुठंय? आरसा पावसाचा होता, साधारण जानेवारी ते मार्च, नंतर तो उन्हानं वाळून गेला. भटकंतीच्या लिस्टमधे सगळे नकाशावर ठिपका देतात, पण यातल्या निम्म्या गोष्टींना खरं तर कॅलेंडरवर ठिपका द्यायला हवा असं माझं मत आहे.

आता उयुनीचंच घ्या. १०,००० चौरस किलोमीटरपेक्षा मोठं मिठागर, समुद्रसपाटीपासून साधारण ३,६५० मीटर उंचीवर, आणि या एवढ्या पसाऱ्यात उंच-सखलपणा जेमतेम एक मीटर. एवढं सपाट कोणी केलं तर पाण्यानंच. दर पावसाळ्यात वर थोडं पाणी साचतं, उंचवट्यावरचं मीठ विरघळतं, पाणी सखल जागी जातं, ऊन पडलं की उडून जातं आणि मीठ तिथंच बसतं. म्हणजे दरवर्षी आपोआप लिंपण होतं. हे इतकं सपाट आणि स्थिर आहे की उपग्रहांवरची उंची मोजायची यंत्रं बरोबर चाललीत का हे तपासायला शास्त्रज्ञ हीच जमीन वापरतात.

आणि जुलैत गेलेल्यानं लगेच तोंड पाडायची पण गरज नाही, त्यानं खाली बघावं. मिठावर मधमाशीच्या पोळ्यासारख्या आकृत्या असतात, एक-दोन मीटर रुंद, कडेला मिठाची बारीक वरंबी. गंमत म्हणजे इराणमधे, कॅलिफोर्नियात, जिथं जिथं असं मिठागर आहे तिथं साइझ साधारण हाच. आधी लोक म्हणायचे की चिखल वाळून तडे जातात तसं काहीतरी असेल, पण तसं असतं तर प्रत्येक ठिकाणी जाडीप्रमाणे साइझ बदलला असता ना. २०२३ मधे आलेल्या एका अभ्यासानं खालच्या ओल्या जमिनीकडे बोट दाखवलं. वरचं पाणी उडून जातं तसं उरलेलं जास्त खारं म्हणजे जड होतं आणि खाली बुडतं, त्याच्या जागी कमी खारं पाणी वर येतं, असं चक्र संथपणे फिरत राहतं. जिथं जड पाणी खाली जातं तिथं खारटपणा जास्त, म्हणून कडेला मीठ जास्त साचतं आणि वरंबा उभा राहतो. थोडक्यात तुम्ही ज्यावर उभे आहात ते जमिनीखालच्या हालचालीचं वरचं चित्र आहे, आणि ते बघायला कोरडाच सीझन लागतो.

झांबिया आणि झिंबाब्वेच्या सीमेवरच्या व्हिक्टोरिया धबधब्याचं तर अजून वेगळंच. तिथला पाऊस मार्चपर्यंत बराचसा ओसरतो पण धबधबा भरात येतो एप्रिलच्या आसपास, कारण पाणी वरून लांबून येतं आणि वाटेत झांबेझीच्या पूरमैदानांत पसरून रमतगमत खाली पोचतं. त्या दिवसांत तुषार इतके असतात की समोरचा धबधबाच दिसत नाही, १,७०८ मीटर रुंद असूनसुद्धा! ऑक्टोबर-नोव्हेंबरला जाल तर झांबियाच्या बाजूला बऱ्याच ठिकाणी नुसता काळा कातळ. पण भरपूर तुषार आणि पौर्णिमा जुळून आली तर रात्री चांद्रधनुष्य, म्हणजे चांदण्यातलं इंद्रधनुष्य, दिसतं. फक्त एक सांगून ठेवतो, फोटोत ते सात रंगांचं येतं आणि डोळ्याला पांढुरकी कमान दिसते. कॅमेरा खोटं बोलत नाही आणि तुमचे डोळे पण बिघडलेले नाहीत, रंग ओळखणाऱ्या पेशींना चांदण्याचा एवढासा उजेड पुरत नाही, अंधारात काम करणाऱ्या दुसऱ्या पेशी असतात त्यांना रंग कळतच नाही, कॅमेरा मात्र शटर बराच वेळ उघडं ठेवून उजेड गोळा करतो. फिकट ऑरोराच्या, म्हणजे ध्रुवांकडच्या आकाशात रात्री दिसणाऱ्या रंगीत उजेडाच्या, बाबतीतही लोकांचा असाच विरस होतो. आणि हो, उत्तर नॉर्वेत जूनमधे ऑरोरा बघायला जाऊ नका, तो वर चालू असेलही पण सूर्यच मावळत नाही.

कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी नॅशनल पार्कातला हॉर्सटेल धबधबा तर नुसता कोनाचा खेळ. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात मावळतीचा उजेड कड्यावर असा काही पडतो की काही मिनिटं पाणी पेटल्यासारखं दिसतं. सूर्य तोच कोन ऑक्टोबरमधे पण गाठतो की! पण तेव्हा धबधब्याला बहुतेक पाणीच नसतं.

माझं सगळ्यात आवडतं प्रकरण मात्र कॅलिफोर्नियातल्याच डेथ व्हॅली नॅशनल पार्कातलं रेसट्रॅक प्लाया. वाळलेल्या तळ्याचा सपाट तळ, त्यावर दगड पडलेत आणि प्रत्येकामागे लांबलचक चरा, जसं कोणी ओढून नेलंय. काही दगड तर २००-३०० किलोचे. वादळी वारा, जाड बर्फ, निसरडं शेवाळ, परग्रहावरचे पाहुणे, सगळं बोलून झालं होतं, पण दगड हलताना कोणी बघितलाच नव्हता. २०११ मधे शास्त्रज्ञ रिचर्ड नॉरिस, त्याचा चुलतभाऊ जेम्स आणि बाकी मंडळींनी जीपीएस बसवलेले दगड तिथं ठेवले, ते पण बाहेरून आणलेले, कारण तिथल्या दगडांना भोकं पाडायला पार्कनं परवानगी दिली नाही. मग वाट बघणं. दहा वर्षं पण लागली असती, पण डिसेंबर २०१३ मधे दोघं तिथं गेले तर तळात काही सेंटिमीटर पाणी आणि वर रात्री गोठलेला बर्फाचा पापुद्रा, ३ ते ६ मिलिमीटर, खिडकीच्या काचेएवढाच. ऊन चढलं, बर्फ कडकड करत फुटायला लागला, ताशी पंधरा-एक किलोमीटरचा साधा वारा सुटला आणि मोठमोठे तुकडे वाऱ्यानं सरकत दगडांवर रेलले. दगड निघाले! मिनिटाला २ ते ५ मीटर. एवढं हळू की आजूबाजूचे सगळेच दगड हलत असतील तर लांबून बघणाऱ्याला कळत पण नाही. २० डिसेंबरला एका दिवसात ६० च्या वर दगड सरकले आणि खालच्या मऊ चिखलात चरे उमटले.

म्हणजे पाऊस पडला पाहिजे, तो सुकायच्या आत रात्र गोठली पाहिजे, सकाळी ऊन आलं पाहिजे आणि वारा पण पाहिजे. या टीमचा अंदाज असा की एखादा दगड दहा लाख मिनिटांत जेमतेम एक मिनिट हलत असेल. दहा लाख मिनिटं म्हणजे जवळजवळ दोन वर्षं झाली. आणि समजा नशिबानं तुम्ही नेमके त्या मिनिटाला पोचलात, तरी जवळ जाऊन बघता येणार नाही, कारण प्लाया ओला असताना आत पाय टाकायचा नसतो. त्या चिखलात उमटलेला बुटाचा ठसा वाळला की वर्षानुवर्षं जात नाही, अगदी दगडांच्या चऱ्यासारखा.