पायांपलीकडचे मोजमाप : मज्जारज्जूच्या इजेनंतर काय मोजायचे आणि कसे

(घरपोच पुनर्वसन सेवेच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

"पाय कधी हलतील?" हा घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, आणि तो रास्तच आहे. मात्र सगळा हिशेब त्या एकाच प्रश्नावर मांडला, तर झालेली प्रगती दिसत नाही आणि येऊ घातलेला धोकाही. आमच्या तक्त्यातले आकडे कुठून येतात आणि ते कसे वाचायचे, ते इथे दिले आहे.

नसांची तपासणी

डिस्चार्ज कार्डावर 'टी १०, आशिया ए' असे काहीतरी लिहिलेले असते. पहिला भाग इजेची पातळी सांगतो (टी म्हणजे छातीमागचा भाग), दुसरा तिची तीव्रता ('आशिया' हे अमेरिकन स्पायनल इन्जुरी असोसिएशनचे लघुरूप, त्यांची ए, बी, सी अशी ग्रेड). ए म्हणजे गुदद्वाराजवळच्या सर्वांत खालच्या नसांत (एस ४-५) संवेदनाही नाही आणि हालचालही नाही. बी म्हणजे तिथे संवेदना आहे, पण इजेच्या खाली हालचाल नाही. सी आणि डी मध्ये थोडीफार हालचाल शिल्लक असते. प्रत्येक बाजूचे १० ठरावीक स्नायू ० ते ५ गुणांनी तपासतात, म्हणून एकूण गुण १००. गुदद्वाराच्या तपासणीशिवाय ग्रेड ठरत नाही. ती डॉक्टरांकडूनच करून घ्या. आम्ही घरी फक्त स्नायूंचे गुण घेतो.

यात फसगत दोन ठिकाणी होते. पांघरूण ओढताना पाय झटकन हलला, तर तो बहुतेक वेळा स्पॅझम (स्नायूंचा आपोआप येणारा झटका) असतो. सांगितल्यावर, पुन्हा पुन्हा, हवे तेव्हा हलला तरच गुण. दुसरे, मानेच्या इजेत मनगट वर उचलले की बोटे आपोआप मिटतात. ग्लास धरायला याचा छान उपयोग होतो, पण ती बोटांची ताकद नव्हे.

रोजच्या कामांचे गुण : स्किम

आमच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी तक्ता हाच. 'स्पायनल कॉर्ड इंडिपेंडन्स मेझर'चे एकूण गुण १०० : जेवण, आंघोळ, कपडे यांचे २०, श्वसन आणि मलमूत्र व्यवस्थापनाचे ४०, हालचाल आणि फिरण्याचे ४०. लघवीला इतके वजन कशाला, असे पुष्कळांना वाटते. उदाहरण बघा. कायमची नळी असेल तर त्या रकान्यात ० गुण. तीच व्यक्ती स्वतःच्या हाताने ठरावीक वेळी कॅथेटर (लघवी काढण्याची नळी) घालू लागली आणि मधल्या वेळात कपडे कोरडे राहिले, तर ११. पाय तसूभर हललेले नसतात, पण प्रवास, नोकरी आणि झोप बदललेली असते. एरवी एकूण गुणांत १-२ चा फरक पडला तर त्याला महत्त्व देऊ नका. साधारण ४ गुणांपासून पुढे तो खरा मानतात.

स्किममध्ये व्यक्ती प्रत्यक्षात काय करते ते लिहायचे असते, काय करू शकेल ते नाही. आई मायेने रोज शर्ट घालून देत असेल, तर गुण कमीच पडतात. बाथरूमचे दार व्हीलचेअरपेक्षा अरुंद असले तरी तेच. म्हणून गुणाशेजारी कारणही लिहितो. कधी कधी उपचार फिजिओथेरपिस्टकडे नसतो, सुताराकडे असतो.

अपंगत्व प्रमाणपत्रावरची टक्केवारी हा वेगळाच आकडा. तो सवलतींसाठी असतो. स्किमचे गुण वाढले म्हणून तो कमी होत नाही.

लघवीची वही

तिमाही भेटीआधी सलग ३ दिवस लिहा : वेळ, किती प्यायले, कॅथेटरने किती मिली निघाले, मध्ये गळती झाली का. मापाच्या खुणा असलेला मग वापरा, अंदाज नको. कॅथेटर दर ४ ते ६ तासांनी घालावे, आणि एका वेळी ५०० मिलीच्या वर जाऊ देऊ नये. पहाटेचा आकडाच नेहमी मोठा येत असेल, तर दिवसभर बसून पायांत साठलेले पाणी आडवे झाल्यावर मूत्रात उतरते, हे कारण तपासा. संध्याकाळी पाय वर ठेवून पडणे आणि रात्रीचे पाणी आवरणे यांनी फरक पडतो. लघवी नुसती गढूळ आहे म्हणून अँटिबायोटिक घेऊ नका. ताप, अचानक वाढलेले स्पॅझम किंवा नव्याने सुरू झालेली गळती असेल तर डॉक्टरांना दाखवा.

त्वचा

माकडहाड, बसण्याची दोन हाडे, खुबे आणि टाचा रोज दोनदा बघा, आरशाने किंवा मोबाइलच्या फोटोने. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, तेव्हा हात लावून गरम, टणक किंवा मऊसर भाग शोधा. दाब काढून अर्ध्या तासानेही खूण तशीच असेल, तर त्या भागावर बसणे-झोपणे बंद. जखम असल्यास आठवड्यातून एकदा, दर वेळी त्याच कुशीवर झोपवून, डोक्याकडून पायाकडे सर्वांत जास्त लांबी आणि तिला काटकोनात रुंदी सेंटिमीटरमध्ये मोजतो. मेलेला भाग कापून काढल्यावर माप वाढते. जखम बिघडली असा त्याचा अर्थ नसतो.

रक्तदाब : टी ६ किंवा त्यावरची इजा असल्यास

या व्यक्तींचा वरचा आकडा एरवी ९० ते ११० असू शकतो. म्हणून १३५ 'नॉर्मल' दिसला तरी घात होऊ शकतो. नेहमीच्या आकड्यापेक्षा २० ते ४० ने चढला, सोबत डोके ठणकणे, चेहरा लाल होणे, घाम हे असेल, तर लगेच बसते करा, पाय खाली सोडा, पट्टे आणि कपडे सैल करा, नळी मुडपली आहे का पाहा, मूत्राशय रिकामे करा. उतरला नाही तर रुग्णालय गाठा. स्वतःचा नेहमीचा आकडा तक्त्याच्या पहिल्या ओळीत आणि पाकिटातल्या चिठ्ठीवर, दोन्हीकडे लिहिलेला हवा. तातडीच्या विभागात बऱ्याचदा तोच विचारला जात नाही.

वेदना आणि समाधान

वेदना ० ते १० मध्ये, गेल्या ७ दिवसांची. एकूण आयुष्य, शरीर आणि मन यांबद्दलचे समाधानही ० ते १० मध्ये, गेल्या ४ आठवड्यांचे. या वेळी घरच्यांनी कृपया बाहेर बसावे. जवळची माणसे समाधानाचे आकडे बहुधा कमी सांगतात.

मोजमापाच्या दिवशी

भेटीची वेळ दर वेळी तीच ठेवा, कारण स्पॅस्टिसिटी (स्नायूंचा ताठरपणा) दिवसभरात बदलते. बॅक्लोफेन (हा ताठरपणा कमी करणारे औषध) किती वाजता घेतले तेही सांगा. डिस्चार्ज कार्ड, औषधांची यादी आणि लघवीची वही हाताशी असू द्या. ताप किंवा नवी जखम असेल तर आम्ही गुण न घेता तारीख पुढे ढकलतो. तक्त्याची एक प्रत तुमच्याकडे राहते; रुग्णालयात जाताना ती सोबत न्या.