धाब्याच्या गल्ल्या आणि ‘कच्चे घर’ हा शब्द

खान्देशावर राज्य केलेल्या फारुकी सुलतानांच्या काळातली घरे आता फारशी उरलेली नाहीत. आज खान्देशात जुन्या गल्ल्यांच्या दुरुस्तीचा विषय निघतो तो बराचसा इंग्रजी अमलातल्या घरांचा. १८१८ नंतर धुळ्यात सरळ रेषेत आखलेल्या गल्ल्या आजही नंबरानेच ओळखल्या जातात. अमेरिकेतल्या १८६१-६५ च्या यादवीत कापसाचे भाव चढले, त्याच दशकात रेल्वे आली आणि तालुक्यांच्या गावी सागाच्या खांबांचे वाडे वाढले. वाडा असो की दोन खणांचे (खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा) घर, डोक्यावर बहुतेकांच्या धाबेच, म्हणजे मातीचे सपाट छत.

तुळया, त्यांवर कड्या म्हणजे आडवी बारीक लाकडे, कड्यांवर फाळक्या म्हणजे लाकडाच्या चिरफळ्या, मग निंबाचा पाला, चिखल आणि सगळ्यांत वर खारी, असे हे छत. खारी म्हणजे क्षाराची पांढरट माती. पाणी लागताच तिचे कण सुटे होतात, बारीक छिद्रे बुजवतात आणि पुढचे पाणी वरच्या वर पन्हाळीकडे जाते. ज्या क्षारामुळे ती शेतात पीक येऊ देत नाही, त्याच क्षारामुळे धाब्यावर गवतही कमी धरते.

हे छत पाडले कोणी, या प्रश्नाला बहुतेक जण पावसाकडे किंवा वाळवीकडे बोट दाखवतात. आमच्या मते मोठा वाटा एका शब्दाचा आहे: ‘कच्चे’. सरकारी गणनेत मातीची भिंत आणि मातीचे छत कच्च्यात धरले जाते. २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीतही तसेच झाले आणि २०१६ च्या ग्रामीण घरकुल योजनेने (प्रधानमंत्री आवास योजना) त्याच पाहणीचा आधार घेतला. पात्र कोण, तर बेघर, किंवा दोन खोल्यांपर्यंतचे, कच्च्या भिंती आणि कच्चे छत असलेले घर. शंभर वर्षे टिकलेला सागाचा खांब या व्याख्येत कुठेच मोजला जात नाही. एरवी मोठा वाडा यात बसला नसता, पण वाटण्या झाल्या की चार भावांच्या वाट्याला दोन-दोन खण येतात आणि प्रत्येकाचे घर ‘कच्चे’ ठरू शकते. योजनेची मूळ मदत सपाटीच्या भागात १ लाख २० हजार रुपये, तीही किमान २५ चौरस मीटरच्या नव्या पक्क्या घरासाठी. खारी बदलायला, कुजलेले टोक सांधायला त्यात जागा नाही. ज्याच्या डोक्यावर गळके छत आहे त्याने ही रक्कम नाकारावी, असे कोणी म्हणू नये. पण दुरुस्तीलायक घरासाठी दुसरा रस्ता ठेवलाच गेला नाही, हा निर्णय चुकीचाच होता.

त्याचा फटका शेजाऱ्यालाही बसतो. भिंत सामाईक असते. एकाने आपले खण उतरवले की आतापर्यंत कोरडी राहिलेली मातीची भिंत पहिल्यांदा पावसात उघडी पडते, तुळईच्या टोकापाशी ओल शिरते आणि दोन-तीन पावसाळ्यांत पुढचे घरही पाडण्याजोगे होते. गल्ली अशी एकेक घराने रिकामी होते.

दुरुस्तीत सर्वांत जास्त चुकते ते वजन. जुनी खारी न उतरवता दरवर्षी नवी टाकत गेल्याने थर दीड फुटावर जातो. दहा बाय दहाच्या खोलीवर ती माती साडेसहा टनांच्या आसपास भरते. त्यावर दोन इंचांचा सिमेंट कोबा म्हणजे आणखी टनभर. लाकूड ऋतूप्रमाणे हलते, कोबा हलत नाही. तो तडकतो, फटीतून गेलेले पाणी खाली अडकते आणि फाळक्या आतून कुजतात. म्हणून आधी टेकू, मग सगळी माती खाली, मग तुळयांची टोके पेचकसाने टोचून पाहणे. पाते इंचभर सहज रुतले तर तेवढे टोक कापून दोन्ही बाजूंनी बगला, म्हणजे आधाराच्या फळ्या, मारायच्या. नवा थर नऊ इंचांपेक्षा जास्त नको, उतार दहा फुटांना तीन इंच आणि पन्हाळ भिंतीपासून दीड फूट बाहेर. भिंतीला सिमेंटचा गिलावा अजिबात नको. मातीतली ओल त्याच्यामागे कोंडते आणि गिलावा पोपडा धरून पडतो.

अलीकडे, २०२० पासून ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका येऊ लागल्या आहेत. सामाईक भिंत कोणाच्या नावावर, हा वाद त्यामुळे कागदावर आला, आणि दुरुस्तीआधी लेखी संमती घेणे सोपे झाले.

कामाचे वेळापत्रक मात्र जुनेच बरे. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात, गल्ली भरलेली असते. तेव्हापासून मृगापर्यंत तीन ते सात आठवडे मिळतात. पन्हाळी एकमेकांच्या बोळात उतरतात, म्हणून एका रांगेतली धाबी एकाच वेळी करावीत. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई देवी बसते. रोटांसाठी, म्हणजे तिच्या नैवेद्यासाठी, भाऊबंद एका घरात जमतात आणि त्याआधी घराला पोचारा, म्हणजे पांढरा हात, होतो. तोवर महिना-दोन महिने पाऊस पडून गेलेला असतो, कोणत्या खणात ओल उतरली ते दिसते. तो डाग पांढऱ्याखाली झाकू नये. पोचारा वाळला की त्याच जागी कोळशाने रेघ ओढावी. पुढच्या आखाजीनंतर धाबे उकरायचे ते तिथूनच.