क्लच प्लेट बदलताय? फ्लायव्हीलही बघून घ्या

आमचं गॅरेज वाईत आहे. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत एक तक्रार हमखास येते. पसरणी घाटात गाड्यांची रांग लागलेली असते, चढावर हाफ क्लचवर इंच इंच सरकत पाचगणी गाठलेली असते, आणि दुसऱ्या दिवशी पहिला गिअर टाकून क्लच सोडला की अख्खी गाडी थरथरते. "प्लेट गेली, बदलून टाका," असं सांगून लोक चावी देतात. प्लेट बऱ्याचदा गेलेली असतेच. पण ती ज्याच्यावर घासली गेली, त्या फ्लायव्हीलचं काय झालं हे कुणी विचारत नाही. म्हणून हे पत्रक.

फ्लायव्हील म्हणजे इंजिनच्या क्रँकशाफ्टला मागच्या बाजूने बोल्टांनी बसवलेली जड लोखंडी चकती. बहुतेक गाड्यांत ती बिडाची असते. तिच्या कडेचे दाते स्टार्टर फिरवतो, तिच्या वजनामुळे इंजिन एकसारखं फिरतं, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. क्लचच्या दृष्टीने तिसरं काम महत्त्वाचं. क्लच प्लेट एका बाजूने प्रेशर प्लेट आणि दुसऱ्या बाजूने फ्लायव्हील यांच्यामध्ये दाबली जाते. म्हणजे प्लेटची अर्धी पकड फ्लायव्हीलच्या तोंडावर, म्हणजे प्लेटला टेकणाऱ्या सपाट बाजूवर असते. आपण क्लचचा पूर्ण सेट बदलतो तेव्हा प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग नवं येतं. हे तोंड मात्र जुनंच राहतं.

हाफ क्लचवर प्लेट घसरत राहते आणि त्या घासण्याची बरीचशी उष्णता फ्लायव्हील पोटात घेतं. एखाद्या वेळेने काही बिघडत नाही. पण रोज तेच झालं की तोंडावर खुणा दिसायला लागतात. आधी काचेसारखी चकाकी येते, अशा गुळगुळीत तोंडावर प्लेट धरत नाही. मग निळसर-काळे डाग पडतात. डागाच्या जागी बीड तापून आणि झपाट्याने थंड होऊन आजूबाजूपेक्षा कडक झालेलं असतं. बाकीचा भाग झिजतो, डाग झिजत नाही, तो उंचवटा होऊन राहतो. क्लच धरताना प्लेट त्या उंचवट्यांवर धर-सोड करते आणि तीच थरथर तुम्हाला सीटखाली जाणवते. पुढे केसासारख्या बारीक भेगा पडतात. प्लेट पार संपेपर्यंत गाडी चालवली तर तिचे रिव्हेट बाहेर येऊन फ्लायव्हीलवर गोल चर पाडतात, मग बोट फिरवलं तरी कळतं.

काही वर्षांपूर्वी एका ग्राहकांना लग्नाला जायची घाई होती. आम्ही डाग पडलेल्या फ्लायव्हीलवर नवा क्लच सेट चढवून गाडी दिली. महिना व्हायच्या आत गाडी तशीच थरथरत परत आली आणि गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागला. दुसऱ्या वेळची मजुरी आम्ही घेतली नाही. तेव्हापासून फ्लायव्हील बघितल्याशिवाय गिअरबॉक्स परत चढवायचा नाही, हा आमचा नियम आहे. कितीही घाई असली तरी.

किरकोळ चकाकी असेल तर तोंड घासून आणि साफ करून भागतं. चर किंवा डाग असतील तर फ्लायव्हील मशीनवर द्यावं लागतं. इथे आमचा आग्रह सरफेस ग्राइंडिंगचा असतो. लेथवरचं टूल कडक डागावर आलं की वर उचललं जातं आणि उंचवटा थोडा राहूनच जातो. ग्राइंडिंगचा दगड डागासकट सपाट करतो. बहुतेक वेळा अर्ध्या मिलिमीटरच्या आत काम होतं. कंपनीने किमान जाडी ठरवून दिलेली असते, त्याखाली जायचं नाही. डाग खोलवर गेला असेल किंवा भेग ठळक असेल तर आम्ही सरळ नवं फ्लायव्हील सुचवतो. काही फ्लायव्हीलना प्रेशर प्लेट बसते तिथे पायरी असते. तोंडावरून जेवढा थर काढला तेवढाच पायरीवरूनही काढावा लागतो, नाहीतर दाब कमी पडून नवी प्लेटसुद्धा घसरते. ही चूक बाहेरून दिसत नाही, म्हणून मशीनवरून आल्यावर आम्ही माप घेऊनच ते बसवतो.

फ्लायव्हीलवर तेल दिसलं तर आधी क्रँकशाफ्टचं मागचं ऑइल सील बदलायचं. गळती तशीच ठेवून नवी प्लेट टाकली तर तीही तेल पिऊन घसरणार.

बऱ्याच डिझेल गाड्यांत दोन भागांचं, आत स्प्रिंग असलेलं ड्युअल मास फ्लायव्हील असतं. गाडी बंद-चालू करताना किंवा न्यूट्रलमध्ये खडखड ऐकू येत असेल तर त्याच्यावर संशय घ्यावा. ते आम्ही मशीनवर देत नाही. दोन भागांतली हालचाल तपासतो आणि ती मर्यादेबाहेर असेल तर पूर्ण बदलतो. ते महाग आहे, हे आम्हाला माहीत आहे. त्यामुळे दर आधी सांगून, तुमचा होकार घेऊनच मागवतो.

तुमच्या गाडीत काय होतंय ते नीट सांगितलंत तर तपासणी सोपी होते. वरच्या गिअरमध्ये चढावर ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी वेग घेत नाही, म्हणजे क्लच घसरतोय. पहिल्या आणि रिव्हर्स गिअरमध्ये निघताना थरथर होत असेल तर फ्लायव्हीलचं तोंड बघायला हवं. मात्र इंजिनला गाडीत धरून ठेवणारं माउंटिंग तुटलं तरी अशीच थरथर येते, म्हणून ते आम्ही गिअरबॉक्स उतरवण्याआधी तपासतो.

काम झाल्यावर पहिले 500 किलोमीटर गाडी जपून चालवा. नवी प्लेट आणि नवं तोंड एकमेकांना लागायला तेवढा वेळ द्या. त्या काळात पसरणीच्या रांगेत अडकलात तर पुढच्या गाडीपासून थोडी जागा सोडा, हँडब्रेक ओढून थांबा आणि जागा झाली की इंच इंच न सरकता एकदाच पुढे घ्या. क्लचवर गाडी तोलून धरू नका.

गिअरबॉक्स उतरवला की आम्ही फोन करतो. जमलं तर येऊन फ्लायव्हील स्वतः बघा. नाही जमलं तर फोटो पाठवतो. बदललेले जुने भाग डिकीत ठेवलेले असतील.